दुपारी दोनची परीक्षा : सत्तरीतील एका विद्यार्थिनीचे प्रकरण

हे प्रकरण गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे आहे. ४ मे २०२५ रोजी झालेल्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला ती दुसऱ्यांदा बसली होती. तिची ओळख पटू नये म्हणून घरच्यांचे आणि गावाचे काही तपशील बदलले आहेत. परीक्षेचे नियम, वेळापत्रक आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी गोव्यात घडलेली घटना मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. मी उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवतो, आणि तयारी करूनही परीक्षेत अडखळणाऱ्या मुलांशी बोलण्याचे काम ओघाने माझ्याकडे येत असते. मार्चअखेर तिची आई तिला घेऊन आली, तेव्हा तक्रार एका वाक्यात सांगून झाली : "हिला सगळं येतं, सर, पण पेपर हातात आला की हिचं डोकं बंद पडतं."

अशा तक्रारीवर सहसा जो उपाय सुचवला जातो, तो तिच्यावर आधीच करून झाला होता. "मन शांत ठेव" हे तिला घरच्यांनी, शिकवणीतल्या शिक्षकांनी आणि लग्नकार्यात भेटलेल्या नातेवाइकांनीही सांगितले होते. तिने मोबाइलवर ध्यानाचे एक अॅप घेतले होते आणि रोज रात्री दहा मिनिटे डोळे मिटून बसण्याचा प्रयत्नही केला होता. पण त्या दहा मिनिटांत भौतिकशास्त्राची सूत्रेच डोळ्यांपुढे येत असल्याने आपल्याला साधे शांतही बसता येत नाही, अशी नवी खंत तिच्या मनात घर करून राहिली. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांच्या जोडीला शांत राहणे हा तिचा चौथा विषय झाला होता, आणि त्यात ती रोज नापास होत होती.

म्हणून पहिल्या भेटीत मनाविषयी काही न बोलता मी तिला फेब्रुवारी आणि मार्चमधल्या सराव परीक्षांच्या प्रश्नपुस्तिका आणायला सांगितल्या. नुसते गुण नकोत, कच्चे काम केलेल्या मूळ पुस्तिकाच हव्यात, हे तिला थोडे विचित्र वाटले असावे.

त्या पुस्तिकांवर आम्ही दोघे एक पूर्ण सकाळ बसलो. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी तिने तीनपैकी एक खूण करायची होती : मुळात येत नव्हते, येत होते पण प्रश्न वाचताना चूक झाली, किंवा आधी बरोबर पर्यायावर टिक केली आणि उत्तरपत्रिकेवर गोल भरताना तो बदलला. दुसऱ्या प्रकारात "अयोग्य विधान ओळखा" हे शब्द असलेले प्रश्न लागोपाठ सापडले; तिने त्यात पहिले योग्य विधान दिसताच तेच निवडले होते. तिसरा प्रकार जवळजवळ पूर्णपणे शेवटच्या चाळीस मिनिटांत एकवटला होता. समासात तिने पेन्सिलने उरलेली मिनिटे टिपली होती. सुरुवातीच्या पानांवर असा आकडा क्वचित दिसत होता, पण भौतिकशास्त्राच्या पानांवर तो प्रत्येक प्रश्नाशेजारी होता : ४१, ३८, ३७, ३६, ३६. एकच आकडा दोनदा लिहिला गेला, म्हणजे एका मिनिटाच्या आत तिने घड्याळ दोनदा पाहिले होते. डोके बंद पडत होते असे म्हणण्यापेक्षा ते दुसऱ्या कामाला जुंपले गेले होते असे म्हणणे अधिक खरे ठरेल, कारण गणित मांडण्यासाठी ज्या तात्पुरत्या स्मृतीचा उपयोग होतो, तीच उरलेल्या मिनिटांचा हिशेब करण्यात गुंतली होती.

मिनिटांचा हा धसका कुठून आला, याचे उत्तर परीक्षेच्या स्वरूपात होते. २०२१ ते २०२४ या काळात नीटच्या प्रश्नपत्रिकेत २०० प्रश्न असत आणि त्यांतले १८० सोडवायचे असत, कारण चारही भागांच्या ब विभागात पंधरांपैकी कोणतेही दहा निवडण्याची मुभा होती. २०२२ पासून त्यासाठी वेळ २०० मिनिटे होता. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय परीक्षा संस्थेने ही सवलत रद्द केली. आता १८० प्रश्न, सगळे अनिवार्य, आणि वेळ दुपारी २ ते ५, म्हणजे नेमका १८० मिनिटांचा. उत्तरे तितकीच द्यायची, मिनिटे वीस कमी, आणि नको असलेला प्रश्न ऐच्छिक म्हणून सोडण्याची सोय गेली. पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्या मुलांनाही हा बदल जाचक होताच, पण ज्या मुलीचे दीड वर्षाचे सगळे अंदाज जुन्या २०० मिनिटांवर बेतलेले होते तिला तो अधिक जाचला. शिकवणीने फेब्रुवारीपासून नव्या स्वरूपात सराव परीक्षा सुरू केल्या, तिचे गुण घसरले, आणि आपण मागे चाललो आहोत असा निष्कर्ष तिने काढला. मोजपट्टी बदलली आहे हे तिला माहीत होते. पण त्या माहितीचा आपल्या घसरलेल्या गुणांशी संबंध तिने जोडलेला नव्हता, आणि घरात तो कुणी जोडून दिला नव्हता.

दुसरी गोष्ट दिनक्रमाची. ती रात्री दोनपर्यंत वाचत असे आणि साडेआठ-नऊला उठत असे. सराव परीक्षा रविवारी सकाळी दहाला होई. दुपारी जेवण झाले की सारे घर आडवे होई आणि तीही तास-दीड तास झोपे. गोव्यात यात नवल काही नाही. दुपारी एक ते चार बाजारातली बरीच दुकाने बंद असतात, वाळपईसारख्या गावात तर रस्त्यावर माणूस दिसत नाही, आणि एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात दुपारची वामकुक्षी ही चैन मानली जात नाही. परंतु याचा अर्थ असा की, तीन तास न थांबता विचार करण्याची परीक्षा नेमक्या ज्या वेळी व्हायची होती, त्या वेळी ही मुलगी गेली कित्येक वर्षे झोपत आली होती. दुपारी सावधपणा थोडा ओसरतो तो केवळ भरपेट जेवणाने नव्हे. शरीराच्या चोवीस तासांच्या लयीतच ती उतरती वेळ असते आणि उपाशी माणसालाही ती जाणवते. त्यात रात्रीच्या जागरणाची भर पडली की साडेतीनच्या सुमारास डोळे जड होणे अटळ असते. तिच्या मते तो आत्मविश्वासाचा अभाव होता. माझ्या मते त्यातला मोठा भाग घड्याळाचा होता, आणि घड्याळाचा भाग मनाच्या भागापेक्षा दुरुस्त करायला सोपा असतो.

परीक्षेला पाच आठवडे होते. झोपायची वेळ ठरवून उपयोग नसतो, कारण झोप हुकमाने येत नाही. उठायची वेळ मात्र ठरवता येते. तिने आधी उठण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी अर्ध्या तासाने अलीकडे आणली आणि उठल्याबरोबर अंगणात उजेडात चहा घ्यायचे ठरवले. एप्रिलच्या मध्यापर्यंत ती साडेसहाला उठू लागली आणि रात्री साडेदहाला तिला आपोआप झोप येऊ लागली. चार वाजल्यानंतरचा चहा बंद केला, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे साधारण पाच तासांनंतरही शरीरात उरलेले असते. दुपारची झोप वीस मिनिटांवर आणून ती साडेबाराला हलवली. जेवणाचा प्रश्न आजींनी सोडवला. दोनच्या परीक्षेसाठी केंद्रावर एकच्या आत पोहोचायचे, मग जेवायचे कधी आणि काय, यावर आईचे आणि मुलीचे एकमत होत नव्हते, आजी म्हणाल्या, "अकराला पेज घ्यायची आणि निघायचं, आम्ही शेतावर जाताना काय करत होतो?" उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड, थोडी भाजी. पोटाला हलके, अंगात पाणी टिकवणारे आणि तिच्या सवयीचे. परीक्षेच्या दिवशी नवे काही खायचे नाही हा सल्ला पुस्तकांत आढळतो, पण नेहमीचे कोणते खायचे हे घरातली जाणती माणसेच सांगू शकतात.

सराव परीक्षा दुपारी २ ते ५ याच वेळेत, शाळेच्या एका रिकाम्या वर्गात, भिंतीवरचे घड्याळ ठेवून घेतल्या. नीटच्या केंद्रात मनगटी घड्याळ नेता येत नाही, त्यामुळे हातावर पाहण्याची सवय मोडणे भागच होते. समासात मिनिटे लिहायची नाहीत, एवढी एकच अट मी घातली. घड्याळ बघायचे ते तीनदा : जीवशास्त्राचे ९० प्रश्न संपल्यावर, रसायनशास्त्र संपल्यावर आणि साडेचारला.

याच सुमारास अंदाजाने उत्तर देण्याविषयीचा नियमही ठरला. बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, म्हणून "खात्री नसेल तर हात लावायचा नाही" असे अनेक शिक्षक सांगतात. हिशेब करून पाहिला तर तो सल्ला तितका बरोबर नाही. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर उरलेल्या दोघांतून निवडताना सरासरीने दीड गुण पदरात पडतो. मात्र माझ्या दृष्टीने या हिशेबापेक्षा महत्त्वाचे हे होते की, निर्णय परीक्षागृहात घ्यायचा उरू नये. दोन पर्याय बाद झाले तर गोल भरायचा, नाही तर पुढे जायचे, आणि एकदा भरलेल्या गोलाकडे पुन्हा पाहायचे नाही. परीक्षेतला बराचसा थकवा प्रश्नांमुळे येत नाही, तो "सोडू की ठेवू" या शंभर छोट्या निर्णयांमुळे येतो, असे माझे मत आहे.

एवढे झाल्यावरही एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातल्या परीक्षेआधी तिचे हात गार पडले. तेव्हा मी तिला दहा मिनिटे कागद देऊन, मनात येईल ते लिहायला सांगितले. या उपायाला एक इतिहास आहे. शिकागो विद्यापीठातील रामिरेझ आणि बेलॉक यांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात असे मांडले होते की, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली भीती लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात. पुढे सामाजिक शास्त्रांतले २१ गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले, त्यांत हाही होता, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पडताळणीत तो परिणाम दिसला नाही. त्यामुळे गुण वाढतील असे आश्वासन मी तिला दिले नाही. मला तिच्या भीतीचा मजकूर हवा होता.

कागदावर प्रश्नपत्रिकेविषयी दोनच ओळी होत्या. बाकी सारे वडिलांनी शिकवणीच्या शुल्कासाठी पतसंस्थेतून काढलेल्या कर्जाविषयी, "यंदा तरी होणार ना?" असे विचारणाऱ्या पाहुण्यांविषयी, आणि आजी ग्रामदेवतेला कौल लावणार आहेत त्याविषयी होते. शेवटच्या मुद्द्याने मी चकित झालो. देवाचा कौल उजवा पडला तर आपल्यावरचे ओझे वाढेल आणि डावा पडला तर सगळे संपले, अशी तिची समजूत होती, आणि ती बोलून दाखवणे म्हणजे आजीच्या श्रद्धेचा अवमान, म्हणून ती गप्प राहिली होती.

दीर्घ श्वसनाने कर्ज फिटत नाही. वडिलांना बोलावले. ते अबोल गृहस्थ; काजूच्या हंगामातून वेळ काढून आले आणि बागायतीचे बोलत बसले. मुलीसमोर त्यांनी एवढेच सांगितले की, हप्ते बियांच्या पैशातून जातात आणि ती नापास झाली तरी ते तसेच जाणार आहेत. तिला हे नवीन होते. गोव्यात वैद्यकीय महाविद्यालय एकच, बांबोळीचे, आणि त्याच्या जागांवर साऱ्या राज्याची नजर, हे खरे. परंतु नीटच्याच गुणांवर बांबोळीचे दंत महाविद्यालय किंवा शिरोड्याची आयुर्वेद आणि होमिओपॅथी महाविद्यालये यांचेही प्रवेश होतात, हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवले. पाहुण्यांची जबाबदारी आईने घेतली : परीक्षेचा विषय निघाला की उत्तर आई देईल, मुलीने आत निघून जायचे. आजींशी बोलणे अवघड होते. परीक्षा झाल्यावर कौल घ्यावा, असे मी सुचवताच त्या म्हणाल्या, "मास्तर, पेपर झाल्यावर देवाला विचारून काय उपयोग?" युक्तिवाद बिनतोड होता. शेवटी त्यांनी कौल घेतला, पण काय झाले ते कुणालाही सांगितले नाही, मुलीला तर नाहीच.

मे उजाडला तेव्हा तयारी बसल्यासारखी वाटत होती. शनिवारी, ३ तारखेला, काही नवे वाचायचे नाही, प्रवेशपत्र आणि छायाचित्रे एका पारदर्शक पिशवीत ठेवायची, कानातले घरीच काढून ठेवायचे, असा बेत होता. त्याच पहाटे डिचोली तालुक्यातील शिरगाव येथे श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. काही भाविकांचा मृत्यू झाला आणि अनेक जखमींना म्हापशाच्या आझिलो इस्पितळात आणि बांबोळीला हलवावे लागले. या मुलीचे काका व्रतस्थ धोंड, म्हणजे देवीचे व्रत पाळणारे भाविक. ते अग्निदिव्यासाठी, म्हणजे निखाऱ्यांवरून चालण्याच्या विधीसाठी, शिरगावला होते. चारच्या सुमारास शेजाऱ्यांनी दार वाजवले, काकांचा फोन लागेना, आणि घरातले कुणीच त्यानंतर झोपले नाही. साडेसहाला काकांनी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून आपण सुखरूप असल्याचे कळवले. त्यांच्या ओळखीचा एक जण मात्र इस्पितळात होता.

सातला आईचा मला फोन आला. मुलीला यापासून दूर ठेवावे का, असे त्या विचारत होत्या, पण ती सगळे ऐकून बसली होती. लपवण्यासारखे काही उरले नव्हते. दोन गोष्टी ठरल्या. दूरदर्शन संच आणि मोबाइलवरच्या चित्रफिती दिवसभर बंद, कारण तीच दृश्ये पुन्हा पुन्हा पाहून कुणाचेच भले होणार नव्हते. आणि काका परतल्यावर त्यांनी आधी तिच्याशी बोलावे. ते अकराच्या सुमारास आले, पुतणीशेजारी पेज घेत बसले, आणि ती बरीच रडली. दुपारी तिने मला फोन केला. तिचा प्रश्न परीक्षेचा नव्हता. "सर, एवढी माणसं गेली आणि मी उद्याच्या पेपरचा विचार करते आहे. हे बरोबर आहे का?" मी तिला सांगितले की, दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात आहेत यात वावगे काही नाही, त्यांतली एक बाजूला सारण्याचा खटाटोप तिने करू नये.

एका रात्रीच्या मोडलेल्या झोपेविषयी तिला पुन्हा आठवण करून देणे पुरले. आधीचे तीन आठवडे पुरेशी झोप झालेल्या माणसाला एक रात्र कमी पडली तर तो कोलमडत नाही. त्या रात्रीची चिंता करत पुढची रात्र घालवली तर मात्र त्रास होतो. शनिवारी ती साडेनऊला आडवी झाली, मध्यरात्रीनंतर एकदा जागी झाली आणि घड्याळ न पाहता डोळे मिटून पडून राहिली. हे तिने नंतर सांगितले.

रविवारचा प्रवास, केंद्र आधी पाहून ठेवलेले असल्यामुळे, कंटाळवाणा झाला, आणि तो तसाच व्हायला हवा होता. दीड वाजता केंद्राचे दार बंद होते. ही मंडळी साडेबाराला रांगेत होती. २०२५ चा भौतिकशास्त्राचा भाग लांबलचक आणि अवघड निघाला, हे देशभरातल्या विद्यार्थ्यांचे मत होते. तिला ते पहिल्या पाच प्रश्नांतच कळले. तिने लेखणी खाली ठेवली, एक लांब उच्छ्वास सोडला आणि सोडवता येण्यासारखे प्रश्न शोधत शेवटच्या पानापर्यंत जाऊन परत फिरली. तिच्या शब्दांत, "मला येत नाही आहे यापेक्षा हे अवघड आहे, असं पहिल्यांदा वाटलं."

नीटची प्रश्नपुस्तिका विद्यार्थ्याला घरी नेता येते. अंतिम उत्तरसूची आल्यावर आम्ही मार्चमध्ये केली तशीच वर्गवारी केली. "मुळात येत नव्हते" हा प्रकार भौतिकशास्त्रात भला मोठा होता आणि त्याला माझ्याकडे काही उत्तर नव्हते. तो अभ्यासाचा प्रश्न होता. चुकीचे वाचन थोडे उरले होते. बरोबर उत्तर बदलल्याचे एकच उदाहरण सापडले. समासात आकडे नव्हते. गुण तिच्या शेवटच्या सराव परीक्षांपेक्षा कमी आले, पण त्या वर्षी सर्वांचेच कमी होते. देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ७२० पैकी ६८६ गुण होते, आणि आदल्या वर्षी पूर्ण गुण मिळवणारेच अनेक होते. तिचा क्रमांक २०२४ च्या तुलनेत बराच वर आला. एमबीबीएसची जागा हुकली. तिने दंतवैद्यकाचा प्रवेश घेतला. आणखी एक वर्ष थांबावे असे वडिलांना वाटत होते. ती नको म्हणाली.

बदललेला दिनक्रम, दुपारचा सराव, वडिलांचे बोलणे आणि वाढलेला अभ्यास यांपैकी कशाचा वाटा किती, हे एका मुलीच्या उदाहरणावरून वेगळे काढता येत नाही. शिवाय ही मुलगी जेवत होती, बोलत होती, मैत्रिणींत मिसळत होती. ज्या मुलाची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जो स्वतःला इजा करण्याचे बोलतो किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे सुचवतो, त्याला पेज आणि भिंतीवरचे घड्याळ पुरणार नाही. त्याला बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत न्यावे, किंवा १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. गावातल्या लोकांना कळेल या धास्तीने थांबू नये.

आमच्या विद्यालयात आता नीटच्या सगळ्या सराव परीक्षा दुपारी दोनला होतात. मुलांना उन्हातून यावे लागते, अशी काही पालकांची तक्रार आली. तेव्हा वर्ग तळमजल्यावरच्या थंड खोलीत हलवला, पंखे दुरुस्त करून घेतले आणि वेळ तीच ठेवली.